उसनी हजेरी

समाजशास्त्राच्या एम.ए.ला गेले तेव्हा मी मुळातच संशयी होते. 'शिक्षणाचं समाजशास्त्र' हा पेपर घेतल्यावर त्या स्वभावाला परवानाच मिळाला. शाळेत काय शिकवतात ते बघू नका, कोण पुढे बसतं, कोण मागे, झाडू कोणाच्या हातात येतो ते बघा, असं आमचे सर नांदेडच्या वर्गात सांगायचे. मी मान डोलवायचे आणि सरांनाच त्या नजरेनं तपासायचे. ते कोणाला नावानं हाक मारतात आणि कोणाला नुसतं 'अगं ए' म्हणतात, हे माझं पाठ होतं. मी दुसऱ्या गटात होते.

पेपरासाठी खेड्यातली एक शाळा बघून अहवाल लिहायचा होता. मी आत्याचं गाव निवडलं. मुखेडहून एस.टी.नं थोडं पुढे गेलं की हद्द बदलते आणि लातूर जिल्हा लागतो, त्या बाजूला. आम्ही बौद्ध. आत्याचं घर गावाच्या कडेला आमच्या वस्तीत होतं. त्या वर्षी दुष्काळानं वस्ती निम्मी रिकामी केली होती. आत्याचा मुलगा आणि सून ऊस तोडायला गेले होते, आणि त्यांची तिसरीतली पोर, जी मलाही आत्या म्हणायची, आत्याजवळ ठेवली होती. तिला मागे ठेवण्याचं एकच कारण होतं, गावातली शाळा.

"शाळा हाय म्हनून पोर हितं हाय," आत्या म्हणाली. "शाळा बंद पडली की तीबी जाईल उसात, मोळ्या बांधायला. तू काय लिहून राहिलीस ते जपून लिही, माय."

बंद पडण्याची भीती खरी होती. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गावात पेढे वाटले होते म्हणे. पूर्वी उस्मानाबाद इतकं लांब की शिक्षण खात्याचा साहेब या गावाकडे फिरकायचाच नाही. आता सकाळी निघालेली जीप दुपारच्या आत दारात. जिल्हा जवळ आला तो असा. साहेब एकशिक्षकी शाळा तपासत फिरत होते आणि पट कमी दिसला की शाळा पलीकडच्या गावाला जोडून टाकत होते. पलीकडचं गाव म्हणजे मधे माळ, ओढा आणि पुन्हा माळ. तिथे मुलींना कोणी धाडलं नसतं.

मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. गुरुजी मला पाहून दचकले. ते गावातल्याच शेतकरी घरातले, चाळिशीचे, धोतरातून नुकतेच पँटीत आलेले. "तुम्ही साहेबाच्या हापिसातून आलाव का?" त्यांनी दोनदा विचारलं. मी विद्यार्थिनी आहे म्हटल्यावरही त्यांची नजर माझ्या पिशवीवरून हटेना. मलाही त्यांचा भरवसा वाटेना. गावात शाळा राहिली तर ह्यांना घरची भाकर आणि घरचं शेत सांभाळून नोकरी. पोरांचा कळवळा की स्वतःचा, कसं ओळखायचं?

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला होता. दुष्काळात, निम्मं गाव बाहेर असताना. कुठेतरी पाणी मुरत होतं. साहेब खुर्चीवर बसले, गुरुजींनी हजेरी सुरू केली आणि मला लगेच उमगलं. निम्मी पोरं "हजर, गुरुजी" म्हणत होती आणि निम्मी ताडकन उभी राहून "जय हिंद!" ओरडत होती. एका वर्गात दोन शाळा बसल्या होत्या. शेजारच्या गावचे मास्तर गुरुजींचे मेव्हणे, हे आत्यानं आदल्या रात्रीच सांगितलं होतं. त्यांची पोरं उसनी आणली होती आणि प्रत्येकाला ऊसतोडीला गेलेल्या एकेका पोराचं नाव दिलं होतं. एक जण आपलं नवं नाव विसरून खिडकीबाहेर बघत बसला, तेव्हा आत्याच्या नातीनं त्याला कोपरानं ढोसलं.

मला हसू आवरेना. साहेबांकडे पाहिलं तर ते छताकडे बघत होते. त्यांना कळलं नसेल? मला वाटतं, कळलं होतं. पण नव्या जिल्ह्याचे आकडे चांगले दिसले तर त्यांचीही पाठ थोपटली जाणार होती. सगळेच चोर, फक्त प्रत्येकाची चोरी वेगळी.

मधल्या सुट्टीत उसनी पोरं व्हरांड्यातल्या माठावर तुटून पडली. उन्हातून चालत आली होती बिचारी. एकच माठ, एकच पेला. त्यांच्या मागे आमच्या वस्तीतली पोरं प्यायली, मग पाटलाचा नातू प्यायला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढं जुनं गाव, आणि पाणी एक. मी मनातल्या मनात अहवालाचं एक वाक्यसुद्धा जुळवलं.

जीप धुरळा उडवत गेली. उसनी पोरं आपल्या वाटेला लागली. गुरुजींनी कपाटाच्या मागून दुसरा माठ काढला आणि पायरीखाली, उन्हाच्या बाजूला नेऊन ठेवला. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. आत्याची नात आपणहून उठली, पायरी उतरली आणि त्यातून पाणी प्यायली. तिला कोणी सांगावंच लागत नव्हतं, हे मला फार लागलं.

"गुरुजी, हे काय?"

"गावाची रीत हाय, ताई. माझं काय चालतंय?"

"उसनी पोरं आणायला चालतं तुमचं."

ते हजेरीपट मिटू लागले. मग मी म्हणाले, "आजची हजेरी मी खरी धरून लिहिते. तुम्ही तो माठ उचला. नाहीतर दोन्ही लिहिते, उसनी हजेरी आणि माठ."

"लिवा. शाळा बंद पडंल," गुरुजी हळूच म्हणाले. "तुमच्याच आत्याची नात उसात जाईल. जमंल तुमाला?"

जमलं असतं का, मला माहीत नव्हतं. पण हे गुरुजींनाही माहीत नव्हतं, आणि तेवढ्यावरच मी उभी होते. आम्ही दोघं एकमेकांना जोखत राहिलो. त्यांना वाटत होतं मी साहेबाची हेर, मला वाटत होतं मी गेल्यावर ते माठ पुन्हा आणतील. शेवटी त्यांनी तो माठ उचलून खांद्यावर घेतला आणि घराकडे नेला. जाताना म्हणाले, "गाव माझ्या अंगावर येईल, ताई. तुमी नांदेडला जाताव."

नांदेडला सरांनी अहवाल वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. "दुष्काळात एवढी हजेरी?"

"नवा जिल्हा आहे, सर. उत्साह आहे लोकांत."

त्यांना पटलं नाही, हे दिसत होतं. मार्क मात्र चांगले दिले आणि त्या दिवसापासून मला नावानं हाक मारू लागले. त्याचाही मला संशय आलाच.

होळीनंतर पुन्हा गेले. पायरीखाली माठ आहे का, हेच बघायला. शाळा चालू होती. पायरीखाली काही नव्हतं. व्हरांड्यात एकच माठ, सावलीत, वर झाकण. गुरुजींनी शब्द पाळला होता. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

सुट्टी झाली. गावातल्या घरांची पोरं दप्तरापाशी वाकली आणि प्रत्येकानं घरून आणलेला फडक्यात बांधलेला पितळी तांब्या सोडला. माठाकडे फक्त आमच्या वस्तीतली पोरं गेली. गुरुजी माझ्याकडे न बघता फळा पुसत राहिले.

आत्याची नात पाणी पिऊन तोंड पुसत माझ्याकडे धावत आली.

"आत्या, आता लई बेस झालंय," ती म्हणाली. "सांजपर्यंत पानी पुरतंय आमाला. त्या माठाला आता दुसरं कुनी हातच लावत न्हाई."