जनादादांच्या फळीवरचे खोके

जनादादांकडे बूट घ्यायला गेलं की आधी मीठ उचलावं लागायचं. शिरवणे गावात, स्वतःच्याच चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर, त्यांचं ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान होतं. सॅक, बूट, काठ्या, तंबू, टॉर्च. गिऱ्हाइकाने बूट पायात चढवले की दादा एका सॅकमध्ये मिठाच्या दहा पुड्या भरायचे, ती त्याच्या पाठीवर द्यायचे आणि जिन्याकडे बोट दाखवायचे. चार मजले वर, चार मजले खाली. लिफ्ट नव्हतीच. भाडेकरूंना या वरातीची इतकी सवय झाली होती की दारं उघडी ठेवून ते आपले जेवत बसायचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा जाम चिडले होते. मी नेरूळच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, पण माहेर साताऱ्याचं. डोंगर बघतच वाढलेली. म्हटलं, "अहो दादा, मला फक्त बूट द्या. डोंगर मला शिकवू नका." साठीकडे झुकलेला, गळ्यात टॉवेल टाकलेला तो माणूस जराही रागावला नाही. "डोंगर नाय शिकवत, ताय. जिना शिकवतो." मीठच का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बाप मिठागरात राबला. आता तिथं टॉवर हायत. मिठाचं वजन तेवढं हाताला म्हायती राह्यलं."

चौथ्या मजल्यावरून मी ओरडले, "मस्त आहेत!" खालून आवाज आला, "चढताना सगलेच बूट मस्त. उतरताना काय बोलतात ते सांग." उतरताना तिसऱ्या मजल्यावरच अंगठा पुढे टेकायला लागला. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, कारण तो लाल जोड मला भयंकर आवडला होता. पण दादांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खाली बसून स्वतःच्या हाताने नाड्या सोडल्या. मी गयावया केली तरी तो जोड विकला नाही. त्याऐवजी एक नंबर मोठा, शेवाळी रंगाचा, दिसायला अगदी ढ असा जोड पुढ्यात ठेवला. सॅकचंही तेच. मी रंग बघत होते, ते कमरेचा पट्टा. "रंग फोटोला कामाचा. वजन कमरंवर घे. खांद्यावर घेशील तं दुपारपासून डोंगराला शिव्या देशील."

त्यांची खरी अट पुढेच होती. बूट घरी न्यायचे, पण खोका दुकानातच ठेवायचा. त्यावर मार्करने तुमचं नाव आणि गडाचं नाव लिहून दादा तो वरच्या फळीवर ठेवायचे. नवे बूट पंधरा दिवस रोज घालून कामावर जायचं, मगच डोंगर. आणि परत आलात की आठवड्याच्या आत तेच बूट घालून दुकानात यायचं, तळवे दाखवायचे, चहा प्यायचा आणि रिकामा खोका घेऊन जायचं. तो खोका हातात देताना दादा एवढे खूश दिसायचे की बघणाऱ्याला वाटावं, खोका त्यांनाच मिळाला. एकदा एक गिऱ्हाईक माझ्यासमोर म्हणालं, "दादा, पोचल्यावर मेसेज टाकतो ना, कशाला टेन्शन घेता?" दादा म्हणाले, "फोनवर आयकायचं नाय मना. डोल्यांनी बघीन."

फळीवरचे खोके येत-जात असायचे. एक मात्र कधीच हलला नाही. पिवळा पडलेला, कोपरे दबलेले, त्यावर 'नरेश'. तिसऱ्या की चौथ्या ट्रेकनंतर चहा पिताना मी सहज विचारलं, "हा नरेश भलताच आळशी दिसतो, खोका न्यायला येत नाही." आतल्या बाजूला बसलेल्या कमळवहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, एकदम उठून गेल्या. मला वाटलं, जीभ हासडून टाकावी.

दादाच बोलले. नरेश त्यांचा धाकटा भाऊ. दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. त्याला नऊ नंबर हवा होता, दुकानात आठच होता. "घट्ट होतात म्हनला. मी म्हनलो, चामडं सुटतं, ने." चढून गेला तो मजेत. उतरताना बोटं सोलली. मग त्याने बूट काढून नाड्यांनी गळ्यात अडकवले आणि अनवाणी उतरायला लागला. ओल्या कातळावर पाय सटकला. निरोप आला तो फोनवर. "बूट मिलाले ताय. गल्यातच होते." मग म्हणाले, "मीच दिले ते. माझ्याच भावाला." माझा चहा गार झाला होता. मी तसाच प्यायले.

पाच वर्षं मी त्यांच्या अटी पाळल्या. जुना जोड झिजला म्हणून गेल्या हिवाळ्यात नवा घेतला. जिना झाला, मीठ झालं, खोक्यावर माझं नाव पडलं. "पंधरा दिस हां, ताय." "हो हो." पण मैत्रिणींनी त्याच रविवारचं ठरवलं आणि मी कोरे करकरीत बूट घालून निघाले. वाईट काही झालं नाही. दोन्ही टाचांना फोड आले, एक नख काळंनिळं झालं, लंगडत का होईना पण धडधाकट परत आले. फक्त आता दादांना तोंड कसं दाखवायचं? ते नाड्या सोडणार, टाच बघणार आणि मग माझ्याकडे बघणार. म्हटलं, फोड बरे होऊ देत, मग जाऊ. मग कारखान्यात ऑडिट आलं. मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटायला लागली. दोनदा रिक्षा त्या कोपऱ्यावरून गेली आणि दोन्ही वेळा मी मान दुसरीकडे वळवली. दहा मिनिटांचं काम होतं हो!

मार्चमध्ये एका रविवारी मनाचा हिय्या केला. तेच बूट घातले, वाटेत दोन-तीन विनोदही जुळवून ठेवले. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत गल्ल्यामागे दादांचा हार घातलेला फोटो होता आणि वहिनी सामान आवरत होत्या. मला बघून त्यांच्या हातातली सॅक खाली पडली.

"तू... हायस?"

किडनीचं दुखणं होतं. तीन आठवडे दवाखान्यात होते, पंधरवड्यापूर्वी गेले. वहिनी बसून सांगत होत्या आणि मी उभीच. माझा पत्ता दादांनी कधी घेतला नव्हता, कारखाना कुठला तेही विचारलेलं नव्हतं. रोज सकाळी वहिनींकडून पेपर वाचून घ्यायचे. कुठे कोण दरीत पडलं, कोण सापडलं नाही. माझं नाव नसायचं, तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. "शेवटी शेवटी एकच धोशा. कमल, दोन खोके हायत वर. मी म्हनायची, नाय वो, एकच हाय, ती येल. ते मान हलवायचे. दोन म्हनायचे."

ते गेले तेव्हा त्यांच्या लेखी मी मेलेली होते. माझ्या टाचेच्या फोडांपायी त्या माणसाने दुसऱ्यांदा तेच दुःख भोगलं. याला काही उतारा नाही, आणि मी तो शोधतही नाही.

वहिनी मला बोलतील असं वाटलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढून माझा खोका काढला, पदराने त्यावरची धूळ पुसली. मग माझ्या पायाशी बसून नाड्या सोडल्या, एक बूट हातात घेतला आणि दादा बघायचे तसा तळवा उलटा करून बघितला. बूट तसाच हातात धरून त्या फोटोकडे वळल्या.

"आयकलं का? आली ती. एकच हाय वर."