तळ्याकाठची वाइनरी आणि आम्ही मुलीकडचे

आम्ही गेलो होतो वाइनची चव घ्यायला, आणि एका घरानं आम्हाला मुलीकडची माणसं समजून पोटभर जेवू घातलं. आम्हाला हे कळलं ते हात धुऊन झाल्यावर. तुम्हाला मात्र आधीच सांगून टाकते, नाहीतर माझ्यासारखे तुम्हीही अर्धा दिवस डोकं खाजवत बसाल.

वाइनचं खूळ आमच्या लेकीचं, ईशाचं. ती पुण्यात नोकरी करते. बाबा निवृत्त झाले म्हणून तिनं परस्पर बुकिंग करून टाकलं. सांगली जिल्ह्यात, तासगावच्या बाजूला, एका तळ्याच्या काठी द्राक्षबाग आहे, बागेतच वाइनरी आहे, मालक स्वतः फिरून सगळं दाखवतो आणि शेवटी चार तऱ्हेच्या वाइन चाखायला देतो. आमच्या ह्यांनी आजवर कोकम सरबतापलीकडे काही चाखलेलं नाही. पण लेकीनं दिलेलं नाकारायचं कसं? शिवाय मनातून त्यांना हवंच होतं. शेतावर जायचं तर त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, तेव्हाच मी ओळखलं.

चिपळूणहून उजाडताच निघालो. कुंभार्ली घाट चढेपर्यंत आपलाच मुलूख वाटतो. पाटण सोडलं की डोंगर मागे सरकू लागतात आणि कराडला पोचेपर्यंत माणसांचे आवाज दुपटीनं मोठे झालेले असतात. कराडहून कडेगावच्या रस्त्याला लागलो आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस इतका की मागून ट्रॅक्टर दिसतच नाही, नुसतं गाणं ऐकू येतं. ह्यांनी दोनदा ओव्हरटेक करायचा प्रयत्न केला आणि दोनदा मी डोळे मिटले.

विट्याच्या पुढे जमीन एकदम उघडी पडते. बोडके माळ, लांबवर एखादं मेंढरांचं खांड, आणि मग अचानक हिरव्यागार द्राक्षबागा. उपसा योजनेचं पाणी जिथवर पोचलंय तिथवर बाग, आणि पलीकडे लगेच माळ. आम्हा कोकणातल्यांना पाणी फुकट मिळालेलं असतं, त्यामुळे हे बघून जरा वरमायला होतं. रस्त्याच्या कडेला बेदाण्याची शेडं होती (जाळ्यांच्या मजल्यांवर द्राक्षं पसरून वाळवतात ती). वाऱ्याबरोबर त्यांचा गोडसर वास गाडीत येत होता.

एका फाट्यावर चहाला थांबलो. टपरीवाल्याला वाट विचारली.

"वाइनरी व्हय? तात्यांच्या संग्रामची," तो म्हणाला. "तळ्याच्या बांधावरनं सरळ जावा. पर तात्यांम्होरं वाइनचं नाव काडू नका."

"का हो?"

"पोरगं लय गुनाचं हाय, पर लगीन ठरंना. दोन जागा आल्या आन् गेल्या. दारू गाळणाऱ्याच्या घरात पोरगी कोन दील, सांगा की!"

आम्ही हसलो, चहाचे पैसे दिले आणि ते विसरूनही गेलो. विसरायला नको होतं.

तळं मात्र फार सुंदर होतं. मोठं नव्हे, पण फेब्रुवारीतल्या उन्हात त्या करड्या माळावर इतकं निळं पाणी बघून ह्यांनी गाडीच थांबवली. काठाला पाणकोंबड्या, बांधावर बाभळी, आणि बांध उतरला की द्राक्षाच्या ओळी थेट घरापर्यंत. दारात एक भलीमोठी पाटी होती. तिच्यावर निळी ताडपत्री टाकून सुतळीनं आवळून बांधली होती.

बंडी आणि फेटा घातलेले एक उंच गृहस्थ पुढे आले. हेच तात्या. ते आमच्याशी बोलण्याआधी गाडीला एक फेरी मारून आले, रत्नागिरीची नंबरप्लेट वाचली आणि एकदम लोण्यासारखे मऊ झाले.

"चिपळूणचं काय?"

"हो," हे म्हणाले. "वाइनरी हीच ना?"

"वाइन? हितं? न्हाई बा! हितं द्राक्षं, बेदाना आन् चार म्हशी. या, बसा की, घर आपलंच समजा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मोबाइलचा नकाशा सांगत होता की पोचलात. नाक सांगत होतं की काहीतरी आंबतंय. ह्यांनी भीत भीत विचारलं, "हा वास कसला?"

"मुरघास," तात्या म्हणाले (जनावरांसाठी हवाबंद आंबवून ठेवतात तो चारा).

"आणि त्या स्टीलच्या टाक्या?"

"पान्याच्या."

"एवढ्या?"

"दुष्काळी भाग हाय," तात्या गंभीरपणे म्हणाले. टाक्यांच्या मागच्या इमारतीचं शटर खाली ओढलेलं होतं आणि शटरपुढे बेदाण्याची पोती छातीएवढी रचली होती. ती पोती आत्ताच रचली असावीत, कारण रचणारे दोन गडी अजून घाम पुसत होते.

मग घरातून आक्का आल्या, म्हणजे तात्यांची बायको. नऊवारी, डोक्यावरून पदर, ठसठशीत कुंकू, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीचे भाव. पाणी दिलं, गूळ दिला, आणि माझा हात धरून त्या मला घर दाखवायला घेऊन गेल्या. मी घरं बघितली नाहीत असं नाही. पण कुणी मला न विचारता पाण्याचा नळ सोडून दाखवला, संडासाचं दार उघडून "इंग्लिश पन हाय" म्हटलं, शेवटी माडीवरच्या खोलीतलं रिकामं कपाट सताड उघडून "आरसा आतनं हाय बगा" असं सांगितलं, हे पहिल्यांदाच. मला वाटलं, हल्ली कृषिपर्यटन म्हणतात ते हेच असेल. राहायची खोली दाखवताहेत, तर आपण नको कसं म्हणायचं? मी कपाटात डोकं घालून "प्रशस्त आहे हं" असं म्हणाले.

स्वयंपाकघरात आक्का म्हणाल्या, "सुनंनं भाकरी थापलीच पायजे आसं आपल्यात न्हाई. चपाती करू दे, न्हाईतर करू बी नगो."

"कुणाची सून?" मी विचारलं.

"यील की कवातरी," असं म्हणून त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या. मी हसले. त्याही हसल्या. दोघी कशाला हसलो ते देव जाणे.

बाहेर ह्यांची वेगळीच तऱ्हा चालली होती. वाइनचं नाव काढलं की तात्या छातीवर हात ठेवून सांगत, "आमच्या सात पिढ्यांत कुनी थेंब घेतल्याला न्हाई." आणि हे जितकं चाचपून विचारत, तितके तात्या जास्तच शपथेवर येत. ह्यांनी माझ्या कानात म्हटलं, "अगं, मी दारुड्या वाटतोय का यांना?" इस्त्रीचा शर्ट घामानं भिजून गेला होता.

आम्ही उठू लागलो. चुकीच्या घरात शिरलो असणार, आता निघावं. पण आक्कांनी वाटच अडवली. "लय लांबनं आलाय. जेवल्याबिगर सोडायची न्हाई." पानं मांडलीच होती. शेंगापोळी (शेंगदाणा आणि गुळाचं सारण भरलेली पोळी), तिच्यावर तुपाची धार, भरलं वांगं, खर्डा, दह्याची वाटी. पहिल्या घासाला माझा सगळा संशय मिटला. चुकीचं घर असेल तर असो, जेवण बरोबर होतं.

जेवण झाल्यावर आक्का हळूच म्हणाल्या, "ताई, घर कसं वाटलं?"

"फारच छान," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. तात्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. माझा गोंधळ पराकोटीला पोचला. पोळीची स्तुती केली तर माणसं हसतात, रडत नाहीत.

तेवढ्यात मोटारसायकल अंगणात येऊन थांबली. तात्यांचा मुलगा, संग्राम. मिरजेहून पंप दुरुस्त करून आणला होता. तो थेट ह्यांच्याकडे आला आणि म्हणाला, "नमस्कार, ईशाताईंचे आईबाबा ना तुम्ही? माफ करा, उशीर झाला. वाइन दाखवली का यांनी?" मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं. "पाटीवर ताडपत्री कुणी टाकली, तात्या?"

मी तात्यांकडे बघितलं, तात्यांनी म्हशीकडे बघितलं.

मग हळूहळू उलगडलं. आठवडाभर आधी मध्यस्थानं निरोप दिला होता की मुलीचे मामा-मामी अचानक येऊन घर बघून जातील. ओळख सांगणार नाहीत, तुम्हीही विचारू नका. इकडे तशी रीतच आहे. बातमी देऊन गेलं की घर सजवलेलं दिसतं, न सांगता गेलं की खरं दिसतं. आणि मामा नोकरीला चिपळूणला. संग्रामला यातलं काही माहीत नव्हतं, आणि आमच्या बुकिंगचं तात्यांना. संग्राम मिरजेला जाताच तात्यांनी पाटी झाकून पोती रचायला लावली होती, आमची नंबरप्लेट बघून त्यांची खात्रीच पटली, आणि मी त्या बिचाऱ्यांचं कपाट तपासून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांनी तर हात जोडले.

"पण चिपळूणचं एक जोडपं परवाच्या रविवारी येऊन गेलं," संग्राम म्हणाला. "बुकिंग करून आले होते. तात्या बाजाराला गेले होते. मी सगळं फिरवलं, टाक्या दाखवल्या. वाइनपेक्षा घरात कोण कोण असतं हेच जास्त विचारत होते. बाई मग बांधावर आईपाशी बसली होती."

तात्यांनी तिथल्या तिथे मध्यस्थाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं ते आम्हालाही ऐकू आलं: "आवं, ती कवाच यून गेली की!"

आक्का मटकन खाली बसल्या.

"काय बोललीस तिच्याशी?" तात्यांनी विचारलं.

त्या पदराचं टोक पिळू लागल्या. शेवटी म्हणाल्या, "मला काय ठावं ती कोन! फिरायला आलेली बाई वाटली. मन मोकळं केलं. म्हनलं, ह्या दारूपायी माझ्या लेकराचं घर हुईना. म्हनलं... माझी पोरगी आसती तर मी बी असल्या घरात दिली नसती."

संग्राम म्हणाला, "आई, तुला असं वाटतं?"

एवढंच म्हणाला. आवाजही चढवला नाही. मग वळला आणि शटरपुढची पोती एकेक करून बाजूला काढू लागला. हे मदतीला धावले. मी तिथेच उभी राहिले. माझ्यानं ना बसवे ना जाववे. लोकांनी नाकारलेलं त्यानं सोसलं असेल, पण हे त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

शटर वर गेलं. आत गारवा, लाकडी पिंपं, आणि तो मघाचा वास. आक्का उठल्या आणि उंबऱ्यापाशी गेल्या. वाइनरी उभी राहिल्यापासून त्या या दारातून आत आल्या नव्हत्या, असं तात्या नंतर म्हणाले.

"मला दे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू करतोस ती. दे हिकडं."

संग्रामनं तात्यांकडे पाहिलं. त्यानं पिंपातली लाल वाइन पेल्यात बोटभर ओतून दिली. आक्कांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि औषध घ्यावं तशी एका दमात गिळली. तोंड कसनुसं केलं.

"आंबाट हाय. आन् मागनं तुरट." थोडं थांबून म्हणाल्या, "ह्यात झाकन्यासारखं काय न्हाई. त्या बाईला फोन लाव."

बुकिंगमुळे नंबर होता. आक्का फोन तोंडापुढे धरून जोरात बोलल्या. "मी संग्रामची आई. रविवारी बांधावर बोलले ती. ते मी न बघता, न चाखता बोलले. आज चाखलं. माझी पोरगी आसती तर दिली आसती, एवढंच सांगायचं हुतं. तुमाला काय ठरवायचं ते ठरवा." पलीकडची बाई काहीतरी बोलली. आक्का ऐकत राहिल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "पोरगी म्हनतीया, दुसऱ्यांनी बघून काय उपेग. ती सोता येनार हाय."

त्यानंतर आमच्या ह्यांना एकदाचे चार पेले मिळाले. तिसरा बरा होता, असं त्यांचं मत पडलं. चौथ्यानंतर मत विचारण्यात अर्थ नव्हता. मी नुसता वास घेतला, कारण परतीची गाडी मला चालवायची होती. निघताना आक्कांनी माझी ओटी भरली, बेदाण्याची पुडी दिली आणि म्हणाल्या, "तुमीच खऱ्या आसता तर बरं झालं आसतं." मी त्यांना नमस्कार केला आणि गाडीत बसले.

कुंभार्ली घाट उतरताना हे शेजारी झोपले होते. मी विचार करत होते की माझ्या लेकीसाठी ही जागा आली असती तर मी काय केलं असतं. तळं आवडलं होतं, घर आवडलं होतं, आक्का तर फारच. आणि तरी 'दारूचा धंदा' म्हटल्यावर मीही आधी नातेवाइकांकडे बघितलं असतं. माझं मत काय हे मला घाट संपेपर्यंत ठरवता आलं नाही.

घरी पोचल्यावर ईशाचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं. पाटी, पोती, मुरघास, कपाट, आक्कांनी गिळलेला घोट, सगळं साग्रसंगीत. ती पोट धरून हसली. शेवटी मी धीर करून विचारलं, "खरं सांग, तू गेली असतीस अशा घरात?"

"ते नंतर," ईशा म्हणाली. "आधी मुलगा कसा होता ते सांग ना."

मी सांगायला तोंड उघडलं. अख्खा दिवस मी त्या घरात होते, संडासापासून पिंपांपर्यंत सगळं निरखून आले होते. आणि मला त्याचा चेहरा आठवेना.