शनिवारी घेतलेली पक्कड

करडी गावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि शनिवार हा माझा माश्या मारायचा वार. शनिवारी लोखंड घ्यायचं नाही, घरात आणायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी मी प्लास्टिकचे पाइप विकतो, रंग विकतो, सुतळी विकतो. खिळा कोणी मागत नाही.

तेजराम तर शनिवारी दुकानाची पायरीही चढायचा नाही. गावातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. माणूस सोन्यासारखा, पण हत्यारांच्या बाबतीत महाकंजूष. आठवडी बाजारात पोत्यावर ढीग मांडलेला असतो ना, त्यातली पक्कड तो घ्यायचा. ती दोन-चार महिन्यांत ढिली पडायची, दात झिजायचे, ऐन जोर लावताना नटावरून सटकायची आणि तेजरामची बोटं सिमेंटवर सोलून निघायची. त्याच्या उजव्या हातावर खपली नाही असा दिवस मी पाहिला नाही.

"अरे, हे पाहून तं घे," असं म्हणून मी किती वेळा त्याच्यापुढे चांगली पक्कड ठेवली असेल. जबडा लहान-मोठा करता येणारी, खाच धरली की न सुटणारी, कडक दातांची. एकाच हत्यारात अर्ध्या इंची नटापासून मोठ्या पाइपापर्यंत सगळं धरता येतं, आणि बारा पाने जिथं शिरत नाहीत तिथं ती शिरते. आयुष्यभर दुसरी घ्यावी लागत नाही. तेजराम ती हातात घ्यायचा, उघडझाप करायचा, तिच्याकडे माहेरच्या माणसासारखं बघायचा आणि खुंटीला परत अडकवायचा.

"गोपीभाऊ, काम तं होऊनच राहिलं ना."

"काम होते, पण नट गोल होते, त्याचं काय?"

तो हसायचा. खोटं बोलायला त्याला जमायचं नाही. मोटार जळाली तर जळाली म्हणून तोंडावर सांगणारा, स्वतःच्या हातून वायर तुटली तरी मालकाला बोलावून दाखवणारा माणूस. लोक त्याला त्यासाठीच बोलावायचे.

गेल्या उन्हाळी धानाच्या वेळची गोष्ट. गावातल्या रुखमिणीकाकीची दीड एकर बांधी, म्हणजे धानाचं शेत, निसवायला आली होती; कणसं बाहेर पडत होती. पावसाळी धान तुडतुड्यानं खाल्लं होतं, त्यामुळे वर्षाचा घरातला भात याच लोंबांवर होता. आणि नेमकी मोटार बिघडली. ती भंडाऱ्याहून दुरुस्त होऊन येईपर्यंत बांधीला भेगा पडल्या. मोटार आली ती शनिवारी सकाळी; पण ती जुनी, घरचीच, म्हणून शनिवार आड आला नाही.

तेजरामनं ती बसवली, पण पाणी चढेना. दोन पाइप जोडणाऱ्या मोठ्या नटातून, युनियनमधून, हवा ओढली जात होती. तो उघडून आतलं वायसर बदललं की झालं. पण विहिरीच्या कोनाड्यात, भिंत आणि पंप यांच्या सांदीत तो नट. पाइप पाना तिथं फिरेना. तेजरामनं आपली बाजारातली पक्कड लावली. ती सटकली. पुन्हा लावली, पुन्हा सटकली. नटाचे कोपरे गेले, आणि शेवटी पक्कडच मधून खिळखिळी झाली.

त्या सांदीत शिरेल अशी पक्कड गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. तो धावत माझ्या दुकानाशी आला. शनिवार असल्यानं पायरीवर थबकला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं खुंटीकडे. मग पायरी चढून आत आला आणि म्हणाला, "दे."

मी दुकान उघडं टाकून त्याच्यासोबत निघालो. शेतातली लाईट दुपारपर्यंतच असते, आणि अजून बराच वेळ हातात होता. तेवढ्यात बांधी नक्की भिजली असती, धान वाचलं असतं.

काकी विहिरीपाशीच बसली होती. नवी पक्कड उन्हात चमकली आणि तिनं विचारलं, "कई घेतली रे हे?"

मी तेजरामला डोळ्यानं खुणावलं, कोपरानं ढोसलं. काल घेतली म्हण, मेल्या! एक शब्द!

"आत्ताच, काकी," तेजराम म्हणाला.

काकी उठून उभी राहिली. "माह्या विहिरीत शनिवारचं लोखंड नाही लावायचं."

"घेतली नाही काकी, मांगून आणली," मी मध्ये पडलो. "माह्या दुकानात दोन वर्षांपासून पडून आहे."

"पण दुकानातून निघाली तं आज ना?"

मला सगळं माहीत होतं. तिचा नवरा परसराम. असंच पाणी अडलं होतं म्हणून त्यानं शनिवारी नवा स्टार्टर आणून लावला होता. त्या स्टार्टरचा शॉक लागूनच तो याच विहिरीवर मेला. शहाणपण शिकवायला मी कोण? आणि तेजराम तर त्या दिवशी परसरामला उचलून आणणाऱ्यांतला होता. तो पक्कड हातात धरून नुसता उभा राहिला. नट समोर, हत्यार हातात, लाईट सुरू; आणि आम्ही दोघं धडधाकट माणसं तिथं खांबासारखी. इतका नाचार मी कधी झालो नव्हतो.

"उद्या आण बापू," काकी हळूच म्हणाली. "आज पाया पडतो तुह्या, नको लावू."

तेजरामनं पक्कड दुकानात आणून खुंटीला लावली आणि रविवारी सकाळी पुन्हा घेतली. मीही गेलो. त्यानं जबडा सांदीत सरकवला, दात त्या गोल झालेल्या नटावर बसले, आणि नट पहिल्याच झटक्याला फिरला.

"येवढंच होतं काय?" काकीनं विचारलं.

वायसर बसलं, नट आवळला गेला, पण लाईट आली नाही. आदल्या संध्याकाळी आमच्या बाजूची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. गावानं फोन केले, तेजराम स्वतः विजेच्या ऑफिसात जाऊन बसला. नवी डीपी यायला आठवडा उलटला. वरून ऊन असं की बांधीत पाय ठेववत नव्हता.

मग पाणी आलं. काकीनं ते बांधभर फिरवलं, रोज फिरवलं. पण भरलेली लोंब खाली वाकते, आणि तिच्या लोंबा पांढऱ्या पडून ताठ उभ्या होत्या. कापणीच्या आधी तिनं आम्हा दोघांना बांधावर बोलावलं. एक लोंब तळहातावर चोळून फुंकली. हातात काही राहिलं नाही.

"तेजू, तू खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "सांग मले. त्या शनिवारी मी हो म्हटली असती, तं भरलं असतं काय हे धान?"

तेजरामनं माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या तळहाताकडे.

"नाही, काकी," तो म्हणाला. "वेळ तवाच निघून गेली होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मीही होकाराची मान डोलावली.