तक्त्यातल्या मधल्या ओळी

माझे पती लातूरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचे आणि रविवारच्या चाचणीचा निकाल गणिताच्या सॉफ्टवेअरवर काढायचे. शेजारी बसून मीही ते शिकले होते. ते गेल्यावर क्लासच्या सरांनी निकालाचं काम माझ्याकडे दिलं.

जुन्या आवृत्तीत तक्ता पहिल्या मुलापासून शेवटच्यापर्यंत सरळ उतरायचा. रकाने रुंदीत मावले नाहीत तर उरलेले खाली वेगळे यायचे. कागद फार जातो म्हणून मी कुरकुरायची. मग क्लासमध्ये नवा संगणक आला, त्यावर नवी आवृत्ती. त्याच आज्ञेवर तक्ता आता आखीव दिसू लागला, एका पानात. मला बरंच वाटलं. पान छापून मी फळ्याशेजारी लावलं. आमच्याकडे निकाल वरूनच वाचतात, आणि वरची नावं जागच्या जागी होती.

दुपारी निलंग्याच्या बसनं एका मुलीचे वडील आले. पान त्यांनी वरून खाली वाचलं, मग पुन्हा खालून वर.

"म्याडम, पोरीला काढली का क्लासातून?"

"नाही हो. का?"

"नाव न्हाई." पानाकडे बघतच म्हणाले, "भूकंपात दवाखान्याबाहेर जखमींच्या याद्या लावायचे. भावाचं नाव हुडकत हिंडलो, कुठंच न्हाई. तवापासून यादीत नाव न्हाई दिसलं की दोन-दोनदा वाचतो."

मी उठून पान पाहिलं. वर पाच नावं, खाली पाच, मध्ये तीन ठिपके.

"ती या ठिपक्यांत असेल."

"ठिपक्यात कशी मावंल? माझ्या खांद्याला लागती ती."

त्यांना खुर्ची देऊन मी सॉफ्टवेअरची मदतीची पानं उघडली. तक्ता मोठा असला की नवी आवृत्ती मधल्या ओळी झाकते, पुसत नाही. फाइल तीच होती, पतींनी बसवलेली. समोर काय आणायचं, एवढंच कुणीतरी दूर बसून बदललं होतं. मधलं कुणी वाचत नाही, असं त्याला का वाटलं असेल? त्याच्यापुढे लाखो ओळी असतील तर त्याचंही बरोबरच. आमच्या तक्त्यात तेवढी मुलं नव्हती.

मी ओळींची मर्यादा काढली. तक्ता लांबत गेला, पती असताना लांबायचा तसाच. वडील पडद्याशी वाकले.

"ही काय. मधीच हाय."

मी नवं पान छापायला घेतलं, तर म्हणाले, "थांबा की. आमच्याकडच्या आणिक पोरी हायत." आणि बोट खाली सरकवत ते एकेक नाव वाचू लागले.