केराआत्याची काडी

आमची केराआत्या सोलापूरच्या गिरणीत लागली, ती एका घोंगड्यापायी. सन एकोणतीसचा उन्हाळा होता.

आत्याचा नवरा धुळाप्पा मोहोळजवळच्या आमच्या गावात मेंढरं राखायचा आणि थापा मारायचा. दुसऱ्या कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. आत्यानं स्वतः सूत काढून त्याला घोंगडं विणून घेतलं, काठाला एका तांबूस मेंढीची लोकर घातली. महिनाभरात ते नाहीसं झालं. ओढ्याला वाहून गेलं, म्हणाला. ओढ्यात तेव्हा चिमणीला प्यायला पाणी नव्हतं. तरी आत्यानं मान डोलावली. एवढी शहाणी बाई नवऱ्यापुढं अशी खुळी का व्हायची, याचा मला अजून राग येतो.

मग मोहोळच्या बाजारात तो तांबूस काठ तिला दिसला. सोजरबाई नावाची भजी तळणारी बाई घोंगड्यावर ऐसपैस बसली होती.

"कुनी दिलं ह्ये?" आत्यानं विचारलं.

"धुळाप्पांनी. बायकू वारल्यापास्नं एकटं पडल्यात बिचारे."

स्वतःचं मरण ऐकून आत्या मटकन खाली बसली. सोजरबाईनं तिला पाणी दिलं, वर दोन भजी दिली. आत्यानं ती खाल्ली. स्वतःच्या तेराव्याचं जेवलेली आमच्या घराण्यात ती एकटीच.

"बायकूसाठी रडलं का?"

"लई रडले. पदर भिजला की माजा."

तेव्हा आत्यानं आपण कोण ते सांगितलं. सोजरबाईनं झारा खाली ठेवला, घोंगडं झटकलं आणि घडी करून तिच्या हवाली केलं.

आत्या घरी आली ती काडीमोड मागतच. पण ते रडणं तिच्या मनात अडकलं होतं. बारा वर्षांत ह्या माणसानं "जेवलीस का" म्हणून विचारलं नव्हतं, आणि ती मेली म्हणून त्याचे डोळे भरले. "खरंच रडलं असतील, तर मी ऱ्हाती," असं ती माझ्या आईला म्हणाली.

पंच बिरोबाच्या देवळापुढं बसले. आमच्यात नवराबायकोनं काडीची दोन टोकं धरून ती मोडायची, की सुटलं. काडी आणायचं काम पंचांनी धुळाप्पालाच सांगितलं. त्यानं निंबाची ओली, लवलवती डहाळी आणली. दोघांनी वाकवली, ओढली, मोडेना.

"देवाच्या मनात न्हाय," धुळाप्पा म्हणाला. पंचांतले ज्ञानबा म्हातारे मान डोलवू लागले.

आत्या म्हणाली, "त्येंच्या हातावर भंडारा ठिवा. मला एक इचारायचंय."

देवाची हळद हातावर असताना आमच्यात कुणी खोटं बोलत नाही, धुळाप्पासुद्धा नाही.

"मी मेली म्हनून तुमी रडला, ते खरं का खोटं?"

धुळाप्पानं भंडाऱ्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि सुटलो असं वाटून त्याचा चेहरा खुलला.

"खोटं. बिरोबाची आन. त्या बाईपुढं मी कशाला रडू? भज्याची मिरची चोळली डोळ्याला."

माणसं हसली. आत्याला फार लागलं. तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं डहाळीचं आपलं टोक चिमटीत घट्ट धरलं आणि लोकरीला घालावा तसा पीळ घालायला लागली. साल सुटली, आतले धागे निघाले, काडीचे दोन तुकडे झाले.

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आत्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं, सोलापूरची वाट धरली आणि जाता जाता म्हणाली, "धुळाप्पा, मेंढरं पाण्यावर ने. ऊन चढलंय."