कोपऱ्यातल्या मशीनवरचा तलाठी

मंचरला एसटी स्टँडच्या मागं, पहिल्या मजल्यावर एक सायबर कॅफे होता. जुन्नरहून रोज येणारे एक चाचा तो चालवायचे. आधी तिथं त्यांचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर जाऊन सात कॉम्प्युटर आले, पण कोणतं बोट कुठल्या अक्षरावर ठेवायचं हे दाखवणारा तक्ता भिंतीवर तसाच राहिला. ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. मी अवसरीहून सायकलवर कॉलेजला यायचो, आणि वर्गात कमी, त्या तक्त्याखाली जास्त बसायचो.

सात मशीनपैकी सहा एकमेकांना वायरनं जोडलेली होती. त्यांवर आम्ही दोन टोळ्या करून बंदुकांचा खेळ खेळायचो. खुर्च्यांमागं बघ्यांची गर्दी असायची. कोण मेलं, कुणी मारलं, हे सगळ्यांना एका नजरेत कळायचं. गाड्या पळवणाऱ्यांनाही मान होता, क्रिकेटवाले चालून जायचे. सातवं मशीन कोपऱ्यात होतं. ते इतकं जुनं, की बंदुकांचा खेळ त्याला पेलायचाच नाही. तिथं माझ्याच वर्गातला, डिंभ्याचा एकजण बसायचा. त्याचे वडील धरणात मासेमारी करायचे. गावाकडच्या एसटीचा काही भरवसा नसायचा, म्हणून तो बसची वाट बघत खेळायचा आणि खेळाच्या नादात कितीदा तरी तीच बस चुकवायचा.

त्याचा खेळ राज्य वसवायचा होता. नकाशावर जागा निवडायची, वस्ती उभी करायची, कालवा काढायचा, कोठारं भरायची. आपली एक चाल झाली की शेजारच्या राजाची चाल. पडद्यावर पानंच्या पानं इंग्रजी यायचं. तो खिशातली डिक्शनरी काढून ते वाचायचा आणि वहीत टिपायचा. एकदा आमच्या टोळीच्या म्होरक्यानं ती वही उचलून पाहिली. कुठं किती शेतं, कुठं पाणी पोचतं, सगळं रांगेनं लिहिलेलं.

"आरं, ह्यो तर तलाठी हाय," तो म्हणाला. "सातबारा काढतोय राव."

तेव्हापासून त्याचं नाव तलाठी पडलं. जिना चढून येणारा प्रत्येकजण विचारायचा, "तलाठी भाऊ, माझा उतारा कधी देता?" तो मान वर न करता म्हणायचा, "अर्ज करा."

आम्ही त्याला का हसायचो, हे मी नंतर पुष्कळ वेळा मनात उलगडून पाहिलं. त्याच्या खेळात बघ्याला बघण्यासारखं काही नव्हतं. आरडाओरडा करायला जागा नव्हती. तो खेळ अभ्यासासारखा दिसायचा, आणि अभ्यास चुकवायलाच तर आम्ही तिथं जमलेलो. शिवाय घरी आम्हालाही कुणी चांगलं म्हणत नव्हतं. माझे वडील तर म्हणायचे, "टीव्हीवर बटणं दाबून पोट भरतं का?" गावात आम्ही सगळेच वाया गेलेले. कॅफेत आल्यावर आमच्याहून खालचं कुणीतरी असलं, की जरा बरं वाटायचं.

माझं कारण याहून लहान होतं. बंदुकांच्या खेळात मी बेताचाच होतो. टोळी निवडताना माझं नाव शेवटी यायचं. तो कोपऱ्यात नसता, तर हसायला माझाच नंबर लागला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एके दुपारी तो अजून आलेला नव्हता. मी सहज सातव्या मशीनवर बसलो आणि खेळ उघडला. त्यानं साठवलेला डाव समोर दिसला, त्याला त्यानं आपल्या गावाचंच नाव दिलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "उडव की." मी उडवला. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत खेळलेला डाव दोन बटणांत गेला. सगळे हसले. त्या दिवशी टोळी निवडताना माझं नाव दुसरं आलं.

तो आला, बसला, शोधू लागला. दोनदा सगळं धुंडाळलं. मग हात मांडीवर ठेवून नुसता पडद्याकडं बघत राहिला. थोड्या वेळानं त्यानं नवा डाव सुरू केला. माझा खेळ चालूच होता, पण लक्ष लागेना. मी लागोपाठ तीनदा मेलो.

दोन दिवस मी कॅफेकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी स्टँडवर तो बसची वाट बघत उभा दिसला. मी जाऊन म्हणालो, "तुझा डाव मी उडवला."

"ठावं हाय. चाचांनी सांगितलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलायचं? त्या दिवशी तू सारखा मरत व्हतास. तुलाच बरं वाटत नव्हतं." मग तो म्हणाला, "वाईट लई वाटलं. पन वस्ती चुकीच्या जागी व्हती. पानी लांब पडत व्हतं. चल, आता जागा तू निवड."

त्या दिवशी मी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. त्याचं जुनं घर धरणाच्या पाण्यात गेलेलं, हे मला त्याच आठवड्यात कळलं. मी विचारलं, "म्हणून गावं वसवतोस का?" तो हसला. "न्हाई राव. ह्यात घाई न्हाई, म्हनून. इचार करायला येळ मिळतो. तुमच्या खेळात माझी बोटंच पळत न्हाईत." मग म्हणाला, "तुझी बी पळत न्हाईत." ते खरं होतं, आणि त्यानं म्हटलं म्हणून लागलंही नाही.

माझंही नाव पडलंच. तलाठ्याबरोबर कोतवाल. पहिल्या दिवशी कान तापले, मग सवय झाली.

त्या काळी लोडशेडिंग फार. वीज गेली की सातही मशीन बंद पडायची आणि टोळ्या गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. आम्ही दोघं वहीवर पुढची चाल ठरवायचो. एकदा शेजारच्या राणीनं तह मोडून आमचा कालवा बळकावला होता, त्यावर आमचं भांडण जुंपलं. म्होरक्या कठड्याला टेकून ऐकत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "आरं, पन तिला धान्य दिलंच कशाला तुमी?" मग सगळेच सल्ले देऊ लागले. कुणी म्हणालं लढा, कुणी म्हणालं सोयरीक करा. चाचा म्हणाले, "पहले पानी का देखो, बाकी बाद में." वीज आल्यावर म्होरक्या आमच्या मशीनवर बसला. पाच चाली खेळला, कंटाळला, उठून बंदुकीकडं गेला. जाताना म्हणाला, "तलाठ्यांचं काम तलाठ्यांनीच करावं." यावेळी तोही हसला आणि आम्हीही.

शेवटची परीक्षा झाली आणि डिंभ्याचा तो चाकणला कारखान्यात लागला. मी काही दिवस सातव्या मशीनवर एकटा बसलो, पण भांडायला कुणी नसलं की त्या खेळाला चव नव्हती. मग मी परत बंदुकांच्या टोळीत गेलो. खेळायचो पूर्वीसारखंच, बेताचं. टोळी निवडताना माझं नाव पुन्हा शेवटी येऊ लागलं, आणि मी आपला खुर्ची ओढून, पाळी येईपर्यंत निवांत बसून राहायचो.