आठ सेकंदांची ओळ

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आरंभीच मान्य करतो. नोकरीची सगळी वर्षे मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवले, फळ्यावर आकृत्या काढल्या, उत्तरपत्रिका तपासल्या. स्वतःच्या मनातले असे कधी काही कागदावर उतरवले नाही. तरीही आपला वेळ घेतो आहे, कारण ही हकीगत तोंडाने सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्याबद्दल क्षमा असावी.

निवृत्तीनंतर बारामती एमआयडीसीत संगणकी आज्ञांवर चालणाऱ्या जुन्या सीएनसी यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक्स बदलून देण्याची कामे मी करू लागलो. यंत्राचे लोखंड चांगले असते, पण मेंदू थकलेला असतो. तो काढून नवा बसवायचा, एवढेच काम. उशिरा सुरुवात केलेल्या माणसाला असते तशी भीती मला प्रत्येक पॅनेल उघडताना वाटे.

ही हकीगत ज्या वर्कशॉपची, त्याचे मालक सणसरचे. घरचा ऊस, आणि इथे साखर कारखान्यांच्या पंपांना लागणारे शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडे, बनवण्याचा धंदा. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "सर, तुमी आमाला शिकवायला असता तर मी पास झालो असतो. मग हितं तेलात हात कशाला घातले असते?" सगळे हसले. मीही हसलो आणि पॅनेल उघडायला घेतले.

शाफ्ट फिरवत कातणारा तिथला लेथ खूप जुना होता. पडद्यावरची हिरवी अक्षरे विझत चालली होती. पॅनेलच्या दारावर एका गृहस्थांचा हार घातलेला फोटो होता. त्यांना सगळे आबा म्हणत. यंत्र आले त्या दिवसापासून तेच त्यावर ऑपरेटर होते. निरवांगीहून मोटारसायकलने येत. दोन वर्षांपूर्वी ते वारले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली त्यांची मुलगी यंत्रावर उभी राहिली. ती त्याच मोटारसायकलवरून येई. वर्कशॉपमध्ये तिला ताई म्हणत.

यंत्राची एक खोड होती. प्रत्येक शाफ्ट लावल्यावर, तो फिरू लागण्याआधी, सगळे काही थांबे. आवाज नाही, बाहेरून हालचालही दिसत नाही. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा यंत्र बिघडले असेच समजलो.

"बिघाड न्हाय सर," शेजारच्या यंत्रावरचे तात्या म्हणाले. "आबा बघत्यात. आबांनी बघितल्याबिगर फिरत न्हाय ते."

"तात्या, गप बसा," ताई म्हणाली. पण तिचा तळहात यंत्राच्या बंद दारावर टेकलेला होता, आणि शाफ्ट फिरू लागेपर्यंत तो तिने काढला नाही.

जुना कंट्रोलर, म्हणजे यंत्राचा मेंदू, लॅपटॉपशी बोलेना, म्हणून आबांचा प्रोग्रॅम मी पडद्यावर पाहून वहीत उतरवून घेतला. ज्यांना मी कधी पाहिले नाही, त्यांचे पत्र वाचावे तसे वाटत होते. त्यात एक ओळ होती: आठ सेकंद थांबा. यंत्राच्या खोडीचा उलगडा झाला. या थांबण्याला मला काही कारण दिसेना, आणि सवयीने माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. मी ती ओळ खोडली आणि उरलेला प्रोग्रॅम नव्या कंट्रोलरमध्ये भरला. मालकांना सांगितले, वेळ वाचेल. ते खूश झाले. ताईला विचारावे, हे माझ्या मनातही आले नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लांब शाफ्टचे एक टोक चक पकडतो. दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचे टोकदार सेंटर तेलाच्या दाबाने येऊन टेकते. ते पक्के टेकले की एक प्रेशर स्विच कंट्रोलरला तसे कळवतो. वायरिंग करताना मला दिसले की या स्विचच्या दोन तारा कुणीतरी पूर्वीच एकमेकींना पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळली आहे. म्हणजे सेंटर टेको अथवा न टेको, कंट्रोलरला सदैव 'टेकले' असेच कळणार. हे नंतर नीट करू, असे म्हणून मी त्या तारा आहेत तशाच जोडल्या.

दुपारी चाचणी झाली. शाफ्ट एकामागून एक उत्तम निघाले. पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी थंडी कडाक्याची होती. सकाळचा पहिला शाफ्ट ताईने लावला, दार ओढले, बटण दाबले. यंत्र या वेळी थांबले नाही. गारठ्याने तेल घट्ट झाले होते, सेंटर अजून वाटेतच होते, आणि शाफ्ट फिरू लागला. पुढचा आवाज मला वर्णन करता येणार नाही. शाफ्ट वाकून चकमधून सुटला आणि दारावर आदळला. दाराच्या काचेवर जाळे उमटले. काचेच्या अलीकडे ताईचा चेहरा होता.

तिला इजा झाली नाही. तिने हात लांब करून यंत्र बंद केले.

"सेंटरला नीट लावला नसंल तू," मालक म्हणाले. तेही घाबरले होते.

"न्हाय हो शेठ. नीट लावला हुता."

"मग काय यंत्रानं आपल्या मनानं फेकला?"

"व्हय," तात्या हळूच म्हणाले. "आबांचं यंत्र हाय. डोकं बदललेलं त्यास्नी आवडलं न्हाय."

कुणी हसले नाही. नारळ आणला गेला. फोटोला नवा हार घातला, यंत्रासमोर उदबत्ती लावली. प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा माझ्याही हातावर ठेवला गेला, आणि मी तो खाल्ला.

घरी येऊन वही उघडली तेव्हा सारे समजले. स्विच निकामी आहे, हे आबांना ठाऊक असणार. तो कुणी बदलून दिला नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या अक्कलहुशारीने सेंटर टेकायला आठ सेकंदांची मुदत दिली होती. थंडीतल्या सकाळी पुरेल इतकी. मुलीने त्या दारासमोर सुखरूप उभे राहावे म्हणून जे काही त्यांनी मागे ठेवले होते, ते मी एका रेघेने काढून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी मी नवा स्विच बसवला. मालकांना म्हणालो, "एक किरकोळ काम राहिले होते." तोवर त्यांनी तिचीच चूक धरून ताईला यंत्रावरून हलवून कानशीने शाफ्टच्या कडा घासायच्या टेबलावर बसवले होते. यंत्रावर नवा माणूस आला होता. आज सांगू, उद्या सांगू, असे म्हणत मी बिल दिले आणि निघालो.

तेव्हापासून शांतता मला मोजता येते. मिक्सर बंद झाला की मोजतो. फोनवर पलीकडचा माणूस क्षणभर गप्प झाला की मोजतो. आठच्या पुढे आकडा गेला की छातीवरचे ओझे थोडे हलके होते. अलीकडेच थांबला, तर त्या काचेसमोरचा चेहरा दिसतो.

मागच्या महिन्यात दुसऱ्या कामासाठी तिथे गेलो. ताईने कानस बाजूला ठेवली, माझ्यासाठी स्टूल पुसले. मग म्हणाली, "सर, एक इचारू? त्या दिशी माझं काय चुकलं हो? आबांनी शिकवलं तसंच केलं हुतं मी. घरी रोज आठवून बघते, चूकच सापडत न्हाय."

मी म्हणालो, "होते कधीकधी असे."

तिने मान हलवली आणि कानस पुन्हा हातात घेतली.

वही माझ्या कपाटात आहे. लाल रेघेखालची ओळ अजून स्वच्छ वाचता येते. इतक्या महिन्यांनी ती वही मी मालकांपुढे ठेवली, तर ताईला तिचे यंत्र परत मिळेल का?